निळा शिपाई

मुलीनं दिलेल्या नव्या डबीत लहानपणचे सगळे व्हिडिओ गेम मावले होते. कॅसेट नव्हतीच, तरी मी थाटात डबीवर फुंकर मारली आणि सवयीनं 'दोन खेळाडू' निवडलं. माझा लाल शिपाई धावला. निळा, म्हणजे गेल्या वर्षी वारलेल्या दादाचा, जागचा हलेना. या खेळात एकजण मागे राहिला, की पडदा पुढे सरकत नाही.

"अहो, एकट्याचा खेळ लावा की!" बायको म्हणाली.

"थांब गं, येईल तो."

बोलून गेलो.

नव्या टीव्हीवर चित्र इतकं स्वच्छ, की उभ्या निळ्याची छाती वरखाली होताना दिसत होती. जुन्या टीव्हीच्या मुंग्यांत ती कधी दिसलीच नव्हती.

लाल शिपायाला मी मागे आणलं आणि त्याच्या शेजारी उभं केलं.