मावशींकडच्या किल्ल्या

मावशी विसराळू नव्हत्या. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि मी ते कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. आता सांगतो. पण आधी मावशी कशा होत्या ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही आमच्या बिल्डिंगसारखं 'म्हातारपण, दुसरं काय' म्हणून मोकळे व्हाल.

बॅग घेऊन कुणी जिना उतरताना दिसलं की मावशी दारात यायच्या, उजवा हात हवेत धरायच्या आणि मनगट पिळायच्या. टाटा नव्हे. तोटी बंद केल्याची खूण. "आवळली का?" एवढाच प्रश्न. लग्नाला निघालेल्यांना हाच, देवाला निघालेल्यांना हाच. एकदा बाळंतपणासाठी दवाखान्यात निघालेल्या पोरीलाही त्यांनी हेच विचारलं होतं. ती कळा सोसत "आवळली हो मावशी!" म्हणून ओरडली, त्यावर आम्ही कितीतरी दिवस हसत होतो.

नगरला नळाला रोज पाणी येत नाही. कधी दिवसाआड, कधी पाइपलाइन फुटली म्हणून चार दिवसांनी, आणि येतं ते भलत्या वेळी. त्यामुळे सगळ्यांना एक सवय लागलेली. पाणी आलं का बघायला तोटी उघडायची, नुसती हवा फुसफुसली की तशीच सोडून द्यायची. पाणी आलं की आवाजावरून कळतं. घरात माणूस असतो तोवर ठीक. दुसरी सवय उन्हाळ्यात गावाला जाताना: झुरळं वर येऊ नयेत म्हणून मोरीच्या जाळीत फडक्याचा बोळा कोंबायचा आणि वर वरवंटा ठेवायचा. या दोन सवयी एकाच घरात एकाच दिवशी भेटल्या की काय होतं, ते मावशींनी पाहिलेलं होतं.

"मोरी बुजायची तर मेन कॉक बंद," त्या बजावायच्या. "कॉक चालू ठिवायचा तर मोरी उगडी. तोटीवर भरोसा ठिवू नका, ती कवा फिरली त्ये कळत न्हाई."

त्या मूळच्या शेवगावकडच्या. नवरा गेल्यावरही नगरला आमच्या बिल्डिंगमधल्या दोन खोल्यांतच राहिल्या. "तिकडं पानी न्हाई म्हनून रडायचं, हितं पानी सांडतं म्हनून," असं म्हणून स्वतःच हसायच्या.

बिल्डिंगमधल्या बहुतेक घरांची एकेक किल्ली त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला असायची. प्रत्येक किल्लीला त्या त्या घरातल्या जुन्या साडीची चिंधी बांधलेली. कुणी गावाला गेलं की एक दिवसाआड संध्याकाळी मावशी त्या घरात जाऊन तुळशीला पाणी घालायच्या, भिंतींना तळवा लावून ओल आलीय का बघायच्या. रिकाम्या घरातही चपला बाहेर काढायच्या. मी एकदा टोकलं, तर म्हणाल्या, "घरात कुनी न्हाई म्हनून काय झालं? घर हाय न्हवं?"

मग तुम्हाला परगावी फोन यायचा. "तुमच्या संडासातली फ्लशची टाकी गळत हुती. कॉक बंद केलाय. तुमी समुद्र बघा निवांत."

स्वतः मात्र कुठे जायच्या नाहीत. मुलगा शेवगावला, बोलावून थकला. मी म्हणायचो, "जाऊन या की आठवडाभर."

"आन् किल्ल्या कुनाकडं देऊ? तुमच्याकडं?" माझ्याकडे वरून खालपर्यंत बघायच्या. "मंग झालंच!"

त्या वर्षी मे महिन्यात आम्ही भंडारदऱ्याला निघालो. पाणी दोन दिवस आलं नव्हतं. सकाळी मी सवयीनं मोरीतली तोटी उघडली, फुसफुस ऐकली आणि गाडी काढायला खाली गेलो. मागून बायकोनं मोरी बुजवली. जिन्यात मावशी उभ्या होत्याच, मनगट हवेत.

"आवळली का, भाऊ?"

"हो."

"कॉक?"

"हो हो."

"बघून आलात का नुसतं म्हनताय?"

उशीर झाला होता, ऊन चढत होतं. "मावशी, लहान आहे का मी?" असं मी जरा वरच्या आवाजात म्हणालो. त्यांनी हात खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉटेलच्या बेसिनपाशी तोटी फिरवली, तर आधी हवा फुसफुसली, मग पाणी आलं. त्या क्षणी मला आमची मोरी आठवली. अंदाज नव्हे, स्वच्छ आठवलं. मोबाईल खिशात होता. मावशींना फोन केला असता तर किल्ली काढून तोटी आवळायला किती वेळ लागला असता? पण त्या म्हणाल्या असत्या, "मी इचारलं न्हवतं?" आणि शेजारी बायको ऐकत असती. मी तोंड पुसलं आणि जेवायला गेलो.

त्याच रात्री नगरला पाणी आलं. सकाळी खालच्या वहिनींच्या छतातून धार लागली. वर्षाचे गहू त्यांनी एरंडेल लावून खोलीभर पसरून ठेवले होते. सगळे भिजले. मावशींनी धावत येऊन आमचं दार उघडलं, घोटाभर पाण्यातून मोरी गाठली, बोळा उपसला, तोटी बंद केली. मग मला फोन केला.

"भाऊ, माज्याच हातनं राह्यली असंल वो. काल संध्याकाळी तुळशीला पानी घालाया गेल्ते. तांब्या भरायला फिरवली असंल तोटी, पानी नव्हतं, तशीच इसरले जनू. मला आठवंना बगा."

मागे वहिनी ओरडत होत्या, "किल्ली घेता तर डोकं ठिकाणावर ठेवून घ्यावी माणसानं!"

आणि मी म्हणालो, "असू द्या मावशी. वय झालं की होतं असं."

मी त्यांना माफ केलं, तुमच्या लक्षात येतंय ना? पुढे वहिनींना गहूही मीच भरून दिले. 'स्वतःची चूक नसताना' असं लोक म्हणाले, ते मी मान खाली घालून ऐकून घेतलं. त्यांना तो माझा विनय वाटला.

महिन्याभरात मावशी घरोघर जाऊन किल्ल्या परत देऊन आल्या. आमची किल्ली बायकोच्या हातात ठेवताना चिंधी सोडून घेऊ का, असं त्यांनी विचारलं. नंतर त्या स्वतःचाच गॅस पुन्हा पुन्हा तपासायला लागल्या. कडी लावून जिना उतरायच्या, परत वर जायच्या. जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "मी काल तुमाला हेच इचारलं हुतं का?" शेवटी मुलगा आला आणि घेऊन गेला. निघताना त्यांना तोटीचं कुणी विचारलं नाही.

दिवाळीनंतर मी शेवगावला गेलो, सांगायचं म्हणूनच. वाक्य जुळवून नेलं होतं. मावशी चहा करायला उठल्या तर सून चांगल्या शब्दांतच म्हणाली, "आई, राहू द्या. तुमच्याकडून गॅस चालू राहतो."

मावशी लगेच बसल्या. मला म्हणाल्या, "खरं हाय तिचं. माज्या डोक्याचा काय भरोसा न्हाई आता, भाऊ."

त्या खरंच विसरायला लागल्या होत्या, की सगळ्यांनी म्हटल्यावर त्यांनी ते मान्य केलं होतं, मला कळलं नाही. अजूनही कळत नाही. मी चहा प्यालो. "तब्येतीला जपा," म्हणालो. पाचच्या एस.टी.नं परत आलो.

आता कुणी गावाला निघालं की जिन्यात नुसता बॅगांचा आवाज होतो. आमच्या मोरीखालचा वहिनींच्या छतावरचा डाग रंग देऊनही वर येतो. त्या दाखवतात आणि म्हणतात, "मावशींची आठवण."

मावशी आहेत, शेवगावला, लेकाच्या घरी. त्यांच्यासमोर, त्यांच्या लेकासुनेच्या देखत, खरं काय ते बोलणं माझ्याकडे बाकी आहे. हे लिहिल्यानं ते फिटत नाही. ते मी अजून केलेलं नाही.