साहेबांची खुर्ची आणि बिब्याचं तेल

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बुवा, कारण हे घडत होतं तेव्हा मला हसू सुचलं नव्हतं.

मी मुरबाडच्या शाळेत हंगामी ड्रॉइंग मास्तर. लढाईचे दिवस, मुंबईहून रंगाचे डबे यायचे बंद झालेले. दुसरा एखादा गप्प राहिला असता. पण माझा हात कुठला स्वस्थ बसायला? रानातून रंग करायचा हा नाद लहानपणापासूनचा, अजून सुटलेला नाही. पळसाच्या फुलांचा केशरी, हिरड्याचा काळा, रानातला डिंक, गेरू. घरात एक पातेलं स्वयंपाकाला उरलं नव्हतं. बायको विचारायची, "आज आमटीत कुठला रंग आहे, तेवढं सांगा."

अशात कळलं, शाळा तपासायला साहेब येणार. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे त्यांच्या शेऱ्यावर. हेडमास्तर म्हणाले, "साहेबांना द्यायची खुर्ची फार कळकट दिसते हो." म्हटलं, माझ्यावर सोडा.

धोबी कपड्यावर बिब्याची खूण करतो. कपडा फाटतो, खूण जात नाही. मग लाकडावर काय बहार येईल, सांगा? धसईच्या बाजारातून बिबे आणले, तेल काढलं, काठीला चिंधी बांधून आदल्या दिवशी खुर्चीला दोन हात दिले. अशी काळी कुळकुळीत झाली की मी स्वतःवरच खूश.

सकाळी शाळेत आलो तर मनगटाला खाज. बघतो तो फोड. आमचा शिपाई धर्मा वैशाखरे गावचा, रान पाठ असलेला माणूस. त्यानं मनगट बघितलं.

"गुरुजी, बिबा उतलाय तुमाला. काय केलंत?"

"साहेबांच्या खुर्चीला लावला रे काल. आता वाळला असेल ना?"

"कसला वाळतोय? जो बसंल त्यो आठ दिस पालथा निजंल."

तेवढ्यात फाटकाशी मोटार वाजली. धर्मा धावला. मलाही हेडमास्तरांनी हार धरायला ओढलं.

ऑफिसात गेलो तर खुर्चीवर हेडमास्तरांच्या बायकोनं भरतकाम केलेली चादर, पार जमिनीपर्यंत सोडलेली. पण चादरीला बिबा थोडाच ऐकतो? साहेब खुर्चीकडे वळले.

"साहेब, आधी मुलांची चित्रं!" मी आडवा आलो.

चित्रं झाली. साहेब पुन्हा खुर्चीकडे.

"साहेब, मातीकाम राहिलं. ओलं आहे तोवरच बघण्यात मजा."

मातीकाम झालं. मग मी विहीर दाखवली. विहिरीचा आणि ड्रॉइंगचा संबंध काय, असं साहेबांनी विचारलंच. काय उत्तर दिलं ते मला आजही आठवत नाही. हेडमास्तर माझ्याकडे असे बघत होते की नोकरी साहेबांच्या आधी तेच घेतील.

परत ऑफिसात आलो. "मास्तर, आता बसू द्या," साहेब म्हणाले. "कल्याणपासून रस्त्यानं कंबर मोडलीय."

ते वाकले. आणि मी काय केलं असेल? धावलो आणि त्यांच्या आधी मीच जाऊन बसलो.

साहेब उभे, हंगामी मास्तर खुर्चीत. 

"उठा!" हेडमास्तरांचा आवाज चिरकला.

"उठवत नाही हो. चक्कर येतेय," मी म्हणालो. ते अर्धं खरंच होतं.

साहेबांनी स्वतः मडक्यातलं पाणी आणून दिलं. "सकाळपासून नुसते धावताय," म्हणाले, आणि निमूट बाकावर बसून शेरा लिहिला. काय लिहिला, देव जाणे. मोटार गेली. धर्मानं मला दंडाला धरून कोठीत नेलं.

"गुरुजी, तुमी कशाला बसलात तिथं? ती तर हेडमास्तरांच्या घरची खुर्ची. मोटार वाजली तवाच मी काळी उचलून हितं टाकली, नि ती आणून वर चादर घातली."

म्हणजे साहेब वाचले होते. मीही वाचलो होतो. काय हायसं वाटलं म्हणून सांगू!  कोठीत अंधार, हाताला लागेल त्यावर मी धपकन बसलो.

"गुरुजी," धर्मा हळूच म्हणाला, "हीच ती."

आठवड्यानं हुकूम आला. हेडमास्तर हसत म्हणाले, "कायम झालात की, मास्तर. बसा आता, निवांत वाचा."

म्हटलं, नको, मी उभ्यानंच वाचतो.