माइकवरचा पश्चात्ताप

कौशल्याला राग येतो हे वरूडमध्ये कोणाला सांगावं लागत नाही. अकोल्याला उन्हाळ्यात उकडतं, यात जेवढं नवल तेवढंच यात. संत्र्याच्या पॅकिंगच्या शेडमध्ये ती कित्येक वर्षांपासून छाटणीला बसते. डागी फळ चांगल्या कॅरेटमध्ये सरकवताना कोणी दिसली, की मालकासमोरच तिचा उद्धार होतो. ट्रकवाले तिच्याशी बेतानं बोलतात. नवरा भगवंत लग्नानंतर लवकरच कमी बोलायला शिकला, आणि म्हणूनच त्यांचा संसार बरा चालला. असा सगळा राग ती जागच्या जागी खर्च करून मोकळी होते. फक्त एक राग तिनं आठ वर्षं सांभाळून ठेवला होता. तो होता धाकट्या भावावरचा, परतवाड्याच्या सूर्यभानवरचा.

माहेर परतवाड्याचं. थोडी जमीन, त्यात झेंडू आणि शेवंती, आणि ती फुलं घेऊन बाजारात बसणारी आई, चतुराबाई. म्हातारपणी चतुराबाई एका उन्हाळ्यात लेकीकडे राहायला आली. तिथं शेजारणीशी बोलता बोलता म्हणून गेली, की सून शिळं वाढते. बस, तेवढंच. ते वाक्य तिखटमीठ लावून परतवाड्याला पोचलं आणि सूर्यभानचा फोन आला.

"माह्या घरची अब्रू तू वरूडच्या चौकात मांडली," तो ओरडला. "आता मायचं मेलं तोंडबी पाहू देनार नाई तुले!"

सूर्यभाननं आयुष्यात शब्द पुष्कळ दिले, पाळला तो हा एकच. चतुराबाई आजारी पडली आणि गेली, तरी त्यानं बहिणीला फोन केला नाही. लांबच्या एका नातलगाकडून कौशल्याला कळलं, तेव्हा राख सावडून झाली होती. ती धावतपळत पोचली, तर ओट्यावर बसलेल्या बायांनी पदर तोंडाला लावून एकमेकींकडे पाहिलं. सख्ख्या मावशीनं मान फिरवली. "फोन करूनबी आली नाई वो," एक जण म्हणाली, तीही कौशल्याला ऐकू जाईल अशा बेतानं. कौशल्या घसा फोडून सांगत राहिली की फोन आलाच नाही. पण सूर्यभान अंगणात खांद्यावर पंचा टाकून रडत होता, आणि रडणाऱ्यापुढे ओरडणाऱ्याचं कोण ऐकतं?

त्या दिवसापासून परतवाड्यात ती आईच्या मातीला न आलेली लेक झाली. लग्नाकार्यात गेली तर बाया तिच्याशेजारची जागा सोडून बसायच्या. पण तिला खरं खात होतं ते दुसरंच. शेवटच्या दिवसांत आईनं आपली वाट पाहिली असेल का? लेक येत नाही म्हणून ती रागानं गेली असेल का? हे सांगू शकणारा माणूस एकच होता, आणि त्याचं तोंड पाहायची तिची इच्छा नव्हती.

सूर्यभान पुढे दारूत बुडाला. मग कोणीतरी त्याला प्रार्थनेला नेलं, तो येशूच्या मंडळीत जाऊ लागला आणि दारू सुटली. दारू सुटली हे खरं, ते कौशल्याही नाकारत नव्हती. पण सुटलेल्या दारूबरोबर त्याला एक माइक मिळाला. मंडळीत साक्ष देण्याची पद्धत असते. मी किती वाईट होतो आणि प्रभूनं मला कसं बदललं, हे माणसानं सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. सूर्यभानची साक्ष लोकांना फार आवडली. बाहेरगावाहून बोलावणी यायला लागली. मग साक्ष अंग धरू लागली. पहिल्या वर्षी त्यात नुसती दारू होती. पुढच्या वर्षी चाकू आला. त्यानंतर तलवार आली, टोळी आली, परतवाड्याचे पोलीस त्याला घाबरू लागले. वास्तविक सूर्यभान मेळघाटात जाणाऱ्या जीपगाड्यांत सवाऱ्या बसवायचा आणि गल्लीतलं कुत्रं भुंकलं तर दुसऱ्या वाटेनं घरी जायचा. न केलेली पापं तो छाती पिटून कबूल करत होता. केलेलं एक पाप होतं, त्याच्या वाटेला मात्र जात नव्हता.

नाही, वाटेला गेला. आणि गेला तेच वाईट झालं.

एक दिवस शेडमध्ये जेवणाच्या सुट्टीत साधनानं मोबाइल काढला. साधना कौशल्याच्या शेजारी छाटणीला बसणारी, मनानं चांगली, तोंडानं सैल. "कौशल्याताई, हा तुमचाच भाऊ ना वो?" म्हणत तिनं आवाज मोठा केला. पडद्यावर पांढऱ्या शर्टातला सूर्यभान हात वर करून बोलत होता.

"माझी आई गेली, तेव्हा सख्ख्या बहिणीला मी फोन केला. बहीण आली नाही! बंधुभगिनींनो, सख्खी बहीण आली नाही, पण माझा प्रभू आला!" त्यानं डोळे पुसले. समोरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शेडमधल्या सगळ्या बाया कौशल्याकडे पाहत होत्या. कौशल्यानं डबा बंद केला. परतवाड्यात नाव गेलं होतं, आता वरूडही गेलं. ज्या खोट्यानं तिचं माहेर तोडलं होतं, त्याच खोट्यावर हा माणूस टाळ्या घेत होता, आणि तेही पश्चात्ताप म्हणून.

"जाऊ दे," भगवंत संध्याकाळी म्हणाला.

"तुमी जाऊ द्या," ती म्हणाली. "मी जातो."

रविवारी ती मोर्शी, चांदूरबाजार करत परतवाड्याला पोचली आणि गावाबाहेरच्या टिनाच्या प्रार्थनाघरात मागच्या बाजूला बायांत जाऊन बसली. पास्टर शांतवन उपदेश करत होते. वाळलेल्या अंगाचे, जाड चष्म्याचे हे म्हातारे गृहस्थ मंडळीत कोणाला फारसे आवडत नव्हते. लोकांना रोग बरे करणारा, भरभराटीचे आशीर्वाद देणारा पास्टर हवा होता, आणि यांची गाडी जेव्हा पाहावं तेव्हा पश्चात्तापावर. निम्मे लोक नंतरच्या साक्षीसाठी बसले होते आणि उघड जांभया देत होते.

"पश्चात्ताप म्हंजे रडनं नोहे," पास्टर सांगत होते. "तुमाले परतवाड्याले यायचं होतं, अन् अमरावतीच्या स्टँडवर चुकून अकोल्याच्या गाडीत बसले. बडनेऱ्याले ध्यानात आलं. मग का करता? सीटवर बसून रडता? रडल्यानं गाडी इकडं वळते का? खाली उतरा लागते. उलटी गाडी धरा लागते. लोक हासतात, टिकीट वाया जाते, तरी उतरा लागते. देवाची माफी फुकट हाय बाप्पा, पन ज्याचं वाटोळं केलं त्याच्या दारावर गेल्याबिगर तिचं नाव घेऊ नका."

कौशल्याला देवाधर्माच्या या बोलण्याशी कर्तव्य नव्हतं, तरी तिनं मान वर करून म्हाताऱ्याकडे एकदा नीट पाहून घेतलं.

मग सूर्यभान उठला. लोक सावरून बसले. तलवार झाली, टोळी झाली, पोलीस झाले. आवाज ओला करून तो आईच्या मरणाशी आला आणि म्हणाला, "सख्ख्या बहिणीला मी फोन केला..."

"कोन्या नंबरवर केला रे?"

सगळ्या माना मागे वळल्या. कौशल्या उभी होती. सूर्यभानचा हात वरच्या वर राहिला.

"ताई," तो शेवटी माइकमध्येच म्हणाला, "जे झालं ते झालं. मी प्रभूपाशी माफी मागितली. प्रभूनं मला माफ केलं."

"प्रभूची माय मेली होती का?" कौशल्या कडाडली. "मेली माही! तोंड नाई पाहू देल्लं तू मले. अन् माफी मागतं तिसऱ्याचीच? मले इचारलं कोनी?"

एकदम गलका झाला. "बाईला बाहेर काढा," कोणी ओरडलं. "सैतान काम करून राहिला," दुसरा म्हणाला. एका बाईनं तिचा हात धरून खाली ओढायला पाहिलं, तेव्हा कौशल्यानं तो असा झटकला की बाई आपल्याच चपलांवर बसली. पास्टर शांतवन खुर्चीवरून उठले आणि सावकाश सूर्यभानपाशी गेले.

"सूर्यभान, फोन केला होता का?"

सूर्यभान लोकांकडे पाहत राहिला. एरवी पाण्यासारखे येणारे अश्रू आज कुठे गेले होते कोण जाणे.

"हो का नाई, तेवढंच सांग."

"नाई," तो म्हणाला.

पास्टरनी त्याच्या हातातला माइक काढून घेतला आणि बटण बंद केलं. "आता साक्ष बंद," ते म्हणाले. "जिथं जिथं हे खोटं सांगतलं, तिथं तिथं जाऊन आधी खरं सांग. मंग पाहू."

मंडळीतल्या पुष्कळांना हे मुळीच रुचलं नाही. बाहेरची बाई येऊन भावाचा पाणउतारा करते आणि पास्टर तिची बाजू घेतात, अशी कुजबूज दारापर्यंत तिच्या मागे आली. कौशल्यानं कोणाला नमस्कार केला नाही. मन हलकं होईल असं तिला वाटलं होतं, पण परतीच्या गाडीत तसं काहीच झालं नाही. राग होता तेवढाच होता.

पुढे काही दिवसांनी मावशीचा फोन आला. सूर्यभान गल्लीत दारोदार हिंडून सांगत होता की मी फोन केला नव्हता, ताईवर खोटा आळ घेतला. मावशी रडत होती. कौशल्यानं तिला पोटभर सुनावलं, आठ वर्षांची मान फिरवणं एका फोनमध्ये वसूल केलं आणि फोन ठेवला. तरी आत काही हललं नाही.

आणि मग एका दुपारी तो शेडमध्ये आला. पांढरा शर्ट नव्हता. चेहरा उतरला होता. बाया हात थांबवून पाहू लागल्या.

"प्रभूची स्तुती असो," त्यानं सुरुवात केली.

"इथी तुही मंडळी नाई," कौशल्या फळांवरची नजर न काढता म्हणाली. "सरळ बोल, नाईतं रस्ता धर."

तो सरळ बोलला. मोबाइलवर तुम्ही जे ऐकलं ते खोटं होतं. मी फोन केला नव्हता. हिला कळूच दिलं नाही. तलवार, टोळी, तेही खोटं. तेवढंच बोलून तो खाली मान घालून उभा राहिला. कौशल्याचं गेलेलं नाव तिथल्या तिथं परत आलं. साधनानं डोळे पुसले आणि म्हणाली, "जाऊ द्या वो ताई. आला ना बिचारा चालून. करा आता माफ."

"बिचारा?" कौशल्या उसळली. "आठ वर्सं मी वाईट, अन् हा पाच मिन्टात बिचारा! माफ कर म्हने. तुह्या बापाचं का जाते?"

आता सूर्यभाननं निघून जायला हरकत नव्हती. पास्टरनी सांगितलं तेवढं झालं होतं, बायांची मनं त्याच्याकडे वळली होती, आणि उरलेलं जगात दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हतं. पण तो गेला नाही.

"अजून एक हाय, ताई," तो म्हणाला. "हे कोनालेच सांगतलं नाई. पास्टरलेबी नाई."

कौशल्यानं पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"माय शेवटी तुहं नाव घेत होती. कौशल्याले बलाव, कौशल्याले बलाव, एवढंच. मी तिले म्हनलं, फोन लावला, येत नाई म्हनते."

ज्या प्रश्नानं कौशल्याला आठ वर्षं पोखरलं होतं, त्याचं उत्तर हे असं समोर आलं. खोटं गावाला सांगितलं ते नंतर. आधी ते मरणाऱ्या आईला सांगितलं होतं, आणि तिच्यापर्यंत जाणारी गाडी आता कुठूनच सुटत नव्हती. कौशल्या उठली आणि तिनं सूर्यभानच्या थोबाडीत मारली. मग पुन्हा मारली. तो उभा राहिला, हात वर केला नाही, रडलाही नाही.

"अन् माय का म्हनली?" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

"म्हनली, संत्र्याचा सीझन हाय. सुट्टी भेटली नसन पोरीले. आज नाई तं उद्या येईन." एवढं सांगून सूर्यभान पुढे म्हणाला, "मंग दाराकडं तोंड करून निजली. माह्यावर इस्वास नोता तिचा. तुह्यावर होता."

कौशल्या कॅरेटवर बसली. पदर तोंडात कोंबून ती हमसून हमसून रडली. साधना तिच्या पाठीवरून हात फिरवायला आली, तर तिनं तिलाही दूर लोटलं. बऱ्याच वेळानं सूर्यभान जवळ आला आणि चाचरत म्हणाला, "ताई, मले माफ..."

"माफीचं नाव काढू नको माह्यापुढं," ती म्हणाली. "माय का म्हनली, ते पुन्हा सांग."