कोनाड्याच्या मापाची टाकी

समारंभांबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं. हार, भाषणं, आभार आणि शेवटी कोमट चहा, एवढ्यातून कुणाचं भलं झालेलं माझ्या पाहण्यात नव्हतं. अपवाद एकच. लढाईची वर्षं होती आणि मी राहात्याच्या शाळेत शास्त्र शिकवत होतो.

शाळेच्या मोठ्या खोलीत एक रुंद कोनाडा रिकामा होता. हेडमास्तरांना तो रिकामेपणा सहन होईना. गावातले एक बागाईतदार, ज्यांना सगळे तात्या म्हणत, शाळेला काहीतरी द्यायचं म्हणत होते. हेडमास्तरांनी माशांसाठी काचेची टाकी सुचवली आणि छत्रीने कोनाड्याचं माप घेतलं.

"सर, मासे पुढे केवढे होतील ते पाहून टाकी ठरवावी," मी म्हणालो.

"आणि मास्तर, कोनाड्याचं काय करू? तो तर वाढत नाही."

नगरहून टाकी आली. समोर पितळी पाटी होती, तात्यांच्या नावाची. पाटी इतकी प्रशस्त होती की मासे तळाशी गेले म्हणजे फक्त देणगीदार दिसत.

मासे मी पुणतांब्याहून आणले, गोदावरीतले. बोटाएवढी पिल्लं होती, पण जात मोठी, पुढे हातभर होणारी. लहान जातीचे आणावेत असं मला वाटत होतं. पण हेडमास्तरांना 'गोदामाईचे' मासे हवे होते, भाषणात तसं वाक्य आधीच बसलं होतं. घागरीत पिल्लं सोडताना कोळी हसला. "काचंत ठिवनार व्हय? बगा बरं, मास्तर, उद्या तुमालाच काचंत बसावं लागंल, अन् माशे शाळा घेतील."

उद्घाटनाच्या दिवशी तात्यांच्या मातोश्रींनी कणकेच्या गोळ्या आणल्या आणि टाकीला हात जोडून आत सोडल्या. आमच्याकडे नदीवर गेलं की माशांना कणीक घालतात, त्याचं पुण्य लागतं. त्यासाठी पुणतांब्याच्या घाटापर्यंत जावं लागे. आता ते पुण्य शाळेतच मिळू लागलं. एकादशीला तर रीघ लागे. कुणी नवस बोलून येई, कुणी मुलाची परीक्षा आहे म्हणून येई. मी 'माशांना खायला घालू नये' असा कागद चिकटवला. लोकांनी तो शांतपणे वाचला आणि त्याच्यावरून हात नेऊन गोळ्या टाकल्या.

मासे वाढू लागले. गोळ्या कुजून पाणी ताकासारखं होई. मी रोज निम्मं पाणी बदलत असे, पण दिवाळी उलटली तेव्हा माशांना वळायचं तर शेपूट काचेला घासून दुमडावं लागत होतं. सकाळी गेलो की सगळे वर येऊन तोंडं उघडझाप करत असत. एके दिवशी त्यांतला एक पांढरं पोट वर करून तरंगताना दिसला. बाकीच्यांचीही तीच गत होणार हे उघड होतं. त्यांना मीच नदीतून काढून आणलं होतं, त्यामुळे मला जेवण गोड लागेना.

तात्यांच्या बागेत मोटेचा एक ऐसपैस हौद होता. रोज ताजं पाणी पडायचं. मी हेडमास्तरांना म्हटलं, मासे तिथे हलवू. ते कळवळून म्हणाले, "मास्तर, देणगी देणाऱ्याला त्याची देणगी परत? उद्या शाळेला कोण काय देईल?" हा माणूस माशांपेक्षा हारांचा विचार करणार, अशी माझी खात्रीच होती.

त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी पाणी बदलायला गेलो, तर ते टाकीसमोर उभे. छत्री काचेवर आडवी धरलेली. या वेळी ते माशांचं माप घेत होते. मला पाहून म्हणाले, "चला."

तात्या ओसरीवर सुपारी कातरत होते.

"तात्यासाहेब, आपली टाकी लहान पडली," हेडमास्तर बसायच्या आतच म्हणाले. मी डोळे मिटले.

अडकित्ता थांबला. "लहान? नगरावरनं आनलीया ती."

"टाकीचा दोष नाही. आपल्या घरच्या कणकेचा आहे. मासे फार पोसले."

तात्यांचा चेहरा जरा सैलावला. "मंग मोटी आनू."

"लढाई संपेपर्यंत एवढी काच मिळायची नाही, आणि मासे तोवर थांबायचे नाहीत. आपला हौद द्या."

"त्यात बैलं पानी पित्यात, हेडमास्तर!"

"पिऊ देत. त्यांनाही पुण्य लागेल."

तात्या हसले. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "अन् पाटी?"

"माशांबरोबर. वाजतगाजत."

"लेझीम?"

"लेझीम."

अशी राहात्यात माशांची मिरवणूक निघाली. पुढे लेझीम, मागे पाटी, मधे घागरी. एक घागर माझ्याच खांद्यावर होती, आणि आतला मासा दर पावलाला मला धक्के देत होता. आदल्या दिवशी हौदातून पाट सुटतो त्या तोंडाला आम्ही जाळी बसवली होती. हौदापाशी भाषण झालं. गोदामाई आली, दातृत्व आलं. मग हेडमास्तर एकदम थांबले आणि साध्या आवाजात म्हणाले, "माप मी कोनाड्याचं घेतलं, माशांचं घ्यायचं राहिलं. चूक माझी." आणि पुन्हा दातृत्वाकडे वळले.

इतक्या लोकांपुढे, हार गळ्यात असताना, असं वाक्य बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, पुढेही फारसं ऐकलं नाही. त्या माणसाचा मी आजही ऋणी आहे. माझ्या खऱ्या बोलण्याने जे झालं नसतं, ते त्यांनी लेझीम लावून करून दाखवलं.

काचेच्या टाकीत मी पुढे नखाएवढे मासे सोडले. ते तेवढेच राहिले. त्यानंतर शाळेत कपाट घ्यायचं असो की बाक, हेडमास्तर आधी मला विचारत, "मास्तर, हे वाढणार तर नाही ना?"

त्या मिरवणुकीच्या शेवटी मी माझी घागर पाण्यात कलती केली तेव्हा मासा क्षणभर तोंडाशीच अडून राहिला. मग बाहेर पडला, सरळ गेला, आणि हौदाच्या मध्यावर शेपूट न दुमडता सावकाश वळला.