बिबड्यांनंतरचा दिवस

आमच्या पारोळ्यात डॉक्टरांच्या औषधापेक्षा माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या धाकाने बऱ्या झालेल्या बायका जास्त, हे मी कुणासमोरही सांगेन. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत ज्वारीचे बिबडे, म्हणजे वाळवणाचे पापड, होतात. पहाटे शिजवलेला घाटा गार व्हायच्या आत ओल्या फडक्यावर पातळ थापायचा, तर सात-आठ बायका हव्यात. म्हणून आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे अशा सगळ्याजणी फिरतात. जाऊबाईंनी या फेरीला एक दिवस जोडून टाकला. शेवटच्या घरचे बिबडे वाळले की सगळ्यांनी उपाशीपोटी जीपमध्ये बसून धुळ्याला तपासणीला जायचं. जी येणार नाही, तिच्याकडे पुढच्या वर्षी कुणी थापायला जाणार नाही. रक्त देऊन झालं की दवाखान्याच्या ओट्यावर त्या भाजलेले बिबडे वाटत. बीपी वाढलेलीला चटणी नाही.

मी तेव्हा पंचेचाळीशीची, आणि माझ्यावाचून म्हैससुद्धा दूध देत नाही अशा समजुतीची. ऐटीत म्हणाले, "अक्का, माले येळ नही शे." जीप माझ्यावाचून निघून गेली. पुढच्या वर्षी घाट्याचं पातेलं घेऊन गच्चीवर मी एकटी. बिबडे असे झाले की आमच्या यांनी विचारलं, "भाकरी वाळत घातल्यास का?" रागारागाने त्या वर्षी जीपमध्ये सगळ्यांआधी जाऊन बसले. छातीत हरभऱ्याएवढी गाठ निघाली. वेळेत काढली, म्हणून आज फुशारकीने हे लिहिते आहे.

यंदा मात्र धुळ्याच्या दवाखान्यातल्या बाकावर माझ्या डोक्यात आलं, की इतक्या वर्षांत जाऊबाईंचा रिपोर्ट कुणी पाहिलेलाच नाही. आम्ही आत जायचो, त्या बाहेर आमच्या पिशव्या सांभाळायच्या. विचारलं, तर म्हणाल्या, "माले काय हुयनं? अन् पिशव्या कोन दखी?"

"मी दखसू. नहीतं पुढला साले तुमना घाटा एकट्याच थापा."

पिशव्या माझ्याकडे सरकवून त्या उठल्या. दाराशी पदर सारखा केला आणि पंचाहत्तरीची ती बाई पहिल्यांदाच सासरी निघाल्यासारखी मागे वळली. "पिशव्या मोजी ले," म्हणाल्या.

मोजल्या. बिबड्यांची पिशवी मांडीवर घेतली. आमचं सगळ्यांचं रक्त देऊन झालं होतं, पोटात कावळे ओरडत होते. पण त्या बाहेर येईपर्यंत एकीनेही त्यातला तुकडा मोडला नाही.