निजणारं पाणी

पुण्याला नोकरीवर निघाले त्या सकाळी ट्रंक आणि वळकटी एस.टी.च्या टपावर चढवायची सोडून आई मला पैनगंगेकाठच्या गरम झऱ्यावर घेऊन गेली. वाशीमची रेल्वे चुकेल म्हणून माझी घाई.

"गाडी काय, उद्याई येते," म्हणत तिनं हरभऱ्याची पुरचुंडी पाण्यात सोडली. झऱ्यावर येणारी प्रत्येक बाई हेच करते. अंघोळ, धुणं, गप्पा होईतो हरभरे फुगतात. ते मी पुण्यापर्यंत खाल्ले.

तुम्ही गावात राहिलेले रोज पाहता, म्हणून बोलत नाही. मी बोलते. झऱ्याच्या त्या कुंडाच्या काळ्या पायऱ्या चुन्याशिवाय बसवल्यात आणि एकही हललेली नाही. हिवाळ्यात खोऱ्यात वाफ तरंगते, तिच्यापलीकडे तूर पिवळी दिसते. असं दुसरं ठिकाण मी पाहिलेलं नाही. पुण्याविषयी तक्रार नाही; नळ, पगार, वेळेवर बस, सगळं मिळालं.

सत्तरचं दशक सरत आलं तेव्हा बाबा गेले. आईचे गुडघे धरलेले. तिला कायमची आणायचं मी ठरवलं. तळमजल्याची खोली, डॉक्टर, खाट, तांब्याचा बंब, सगळी तयारी केली. भाऊ म्हणाला, "ने बाप्पा. पन ते राह्यली तं सांगजो."

पहिल्याच दिवशी ऑफिसातून आले तर आई मोरीच्या उंबऱ्यावर बसलेली. समोर बादली, बादलीत पुरचुंडी. सकाळचं कढत पाणी केव्हाच गार झालेलं.

"तुयं पाणी निजते वं," ती म्हणाली. "आपलं जागंच राह्यते."

मी हसले. म्हटलं, "अगं, रात्रभर ठेव, गार पाण्यातही भिजतात."

"भिजतीन. पन तवापर्यंत बोलू कोनासंग?"

याची सोय मी केली नव्हती. शेजारच्या बायका साडेनऊला कुलूप लावून जायच्या, माझ्यासारख्याच. महिनाभर तिनं निभावलं. मग परतीचं तिकीट मीच काढलं. गुडघे तिकडेही दुखतातच, पण रोज कुंडापर्यंत चालतात.

पुढच्या दिवाळीत गावी उतरले, तर घराला कडी. सामान ओसरीवर टाकून झऱ्यावर गेले. आई बायकांत बसून कुणाच्या तरी सुनेची टर उडवत होती. मला पाहून तिनं नुसती पायरीवर जागा केली. तिच्या पुढ्यात पाण्यात पुरचुंड्या दोन होत्या.