देवाला सोडलेली मुलं

ज्या फादरांपुढे मला "होय" आणि "नाही" याच्यापलीकडे कधी बोलता आलं नाही, त्यांच्यापुढे मी एकदाच, तेही मौनाच्या दिवसांत, तोंड उघडलं. ते कसं झालं ते लिहून ठेवते. नातीच्या वहीत कोरी पानं उरली आहेत. कुणाला दाखवायचं नाही.

दुष्काळाचा उन्हाळा होता. आमचे मालक दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे आणि मी नगरकडच्या कर्जतच्या बाजूला आमच्या गावच्या कॅथलिक मिशनात स्वयंपाकाला होते. मुख्य स्वयंपाकीण माझी आत्तेसासू. तिला सगळं मिशन आत्याबाई म्हणायचं. मी तिच्या हाताखाली. आमची एकुलती एक मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती आणि जूनमध्ये तिला नगरला सिस्टरांच्या बोर्डिंगात घालायचं ठरलं होतं. मालकांना वाटायचं, तिथं दोन वेळचं पोटभर मिळेल, चार अक्षरं येतील. खरी गोष्ट मला एकटीला माहीत होती.

लग्नाला आठ वर्षं होऊन मला मूल नव्हतं. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा गेलं. सासूबाई मालकांच्या दुसऱ्या लग्नाचं बोलायला लागल्या होत्या. तेव्हा एका दुपारी देवळात कुणी नसताना मी मारियामातेपुढे गुडघे टेकले आणि म्हणाले, एक लेकरू दे, ते तुझंच. सहा वर्षांचं झालं की तुझ्या घरी आणून पोचवीन, परत मागणार नाही. वर्ष भरायच्या आत मुलगी झाली. आता बोर्डिंगाला जायची ती शिकायला नव्हे, कायमची. मोठी होऊन तिनं सिस्टरच व्हायचं, आणि मी आई म्हणून तिच्यावर हक्क सांगायचा नाही. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. नवस बोलून दाखवला की फळत नाही, असं लहानपणापासून ऐकलेलं.

मे महिन्यात गावोगावचे मास्तर आठ दिवस मौनाला आले. मास्तर म्हणजे फादर नसतील त्या गावी रविवारची प्रार्थना चालवणारी आमचीच माणसं. जेवतानासुद्धा कुणी बोलायचं नाही. पंगत बसली की फादर उभे राहून जुन्या पुस्तकातून वाचायचे, परदेशी भाषेतलं मनातल्या मनात मराठी करून. सगळे उठल्यावर स्वतः एकटे जेवायचे. आठ-नऊशे वर्षांपूर्वी युरोपातल्या मठांत साधू कसे राहत, ते त्या पुस्तकात होतं. तिथंही असंच एक जण वाचायचा आणि बाकीचे मुकाट जेवायचे. फादर परदेशातले, पण मराठी स्वच्छ बोलायचे, शाळेच्या पुस्तकासारखं. स्वयंपाकघराच्या दाराआडून आम्हाला सगळं ऐकू यायचं.

पहिल्या दिवशी मला नवलच वाटलं. ते साधू अंगातल्या कपड्यांनिशी, कमरेला पट्टा बांधूनच, एका लांब खोलीत ओळीनं झोपत. चार पायांच्या जनावराचं मांस खात नसत. तब्येतीसाठी म्हणून ठरावीक दिवसांनी एकमेकांच्या हातातून रक्त काढवून घेत, आणि त्यानंतर दोन-तीन दिवस त्यांना बरं खायला मिळे. अंघोळ वर्षातून दोन-तीनदा. हे ऐकून आत्याबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आपल्याकडं पानी न्हाई म्हून आपन पारोसं. त्यांच्या दाराशी नदी, आन तरी पारोसं?"

मरायला टेकलेल्या साधूला जमिनीवर राख पसरून तिच्यावर निजवत, हे ऐकल्यावर मात्र ती चुलीपाशी परत गेली.

दुसऱ्या दिवशी खुणांचं निघालं. बोलायची बंदी, म्हणून त्यांनी बोटांची भाषाच केली होती. मासा हवा तर हात शेपटीसारखा हलवायचा. दूध हवं तर करंगळी ओठांना लावायची, अंगावर पिणाऱ्या लेकरासारखी. मास्तर लोकांना ते फार आवडलं. एक म्हातारे मास्तर भाकरी हवी की दोन तळवे हवेत थापून दाखवायला लागले. ठेचा हवा असला की जीभ बाहेर काढून हातानं वारा घालायचे. फादरसुद्धा वाचता वाचता हसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी तांबड्या ज्वारीच्या भाकरीची टोपली घेऊन पंगतीत वाढत होते. फादर वाचत होते, की मठात लहान मुलंही असत, पाच-सहा-सात वर्षांची. आणि मग म्हणाले, "या मुलांना त्यांच्या आईबापांनी देवाला सोडलेलं असे."

सगळ्यांचे हात थांबले. म्हातारे मास्तर फादरांच्या तोंडाकडे बघतच राहिले. मौन होतं म्हणून कुणी बोललं नाही, पण एकानं ताट दूर सारलं.

आमच्याकडे देवाला सोडणं म्हणजे काय ते लहान पोरालाही कळतं. आत्याबाईची थोरली बहीण खंडोबाला सोडलेली मुरळी होती. तिच्या आईनं नवस केला आणि पोरीचं लग्न देवाशी लावलं. मग ती जन्मभर गावोगाव जागरणात नाचली. कशी जगली आणि कशी मेली ते आमच्या घरात कुणी बोलत नसे. पुढे आमची माणसं बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाली त्याला जी कारणं होती, त्यातलं हे एक. मिशनातले लोक सांगायचे, आमचा देव लेकरं मागत नाही.

फादरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते पुढे वाचत राहिले. आईबाप मुलाला वेदीपाशी नेत, त्याचा हात वेदीवरच्या कापडात गुंडाळत, आणि तो हात गुंडाळला की मूल देवाचं झालं. त्याला काही मिळकत ठेवायची नाही, म्हणजे परत यायचा मोह होणार नाही. मोठं झाल्यावर त्याला जावंसं वाटलं तरी जाता येत नसे. दर दोन मुलांच्या मधे एक मोठा माणूस बसे. एका मुलानं दुसऱ्याच्या कपड्यालाही हात लावायचा नाही.

माझी मुलगी माझा पदर मुठीत धरल्याशिवाय झोपत नव्हती.

टोपली कशी खाली ठेवली ते आठवत नाही. स्वयंपाकघरात आले तर आत्याबाई भिंतीला टेकून बसली होती, पिठाचे हात तसेच. मला म्हणाली, "ह्यांच्यात बी हुतं म्हन की. आन आमालाच शिकवीत हुते." मग तिनं तोंड फिरवलं. तिच्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही. कारण मी तिच्या आईनं केलं तेच केलं होतं. फक्त मारियामातेपुढे केलं होतं.

मास्तर उठून गेले. फादर एकटे जेवायला बसले. त्यांना भाकरी वाढायला मी गेले आणि तिथंच उभी राहिले. त्यांनी हातानं पुरे म्हणून खूण केली. मी हलले नाही.

म्हणाले, "फादर, मी पन सोडलंय."

मौन मोडल्याबद्दल ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी घाबरून भाकरी खाली ठेवली. "नवऱ्याला सोडलं तुम्ही? कधी?"

"न्हाई वो. पोरीला."

मग जे सात वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते मी त्या माणसाला उभ्या उभ्या सांगितलं. सोडणं म्हणजे काय तेही, आणि आत्याबाईच्या बहिणीचंही. ऐकता ऐकता त्यांचा गोरा चेहरा लाल झाला आणि मग पांढरा पडला. ते म्हणाले, बाजारात मोकळा फिरणारा वळू देवाला सोडलेला आहे असं लोक सांगतात, म्हणून त्यांना वाटलं, सोडणे म्हणजे अर्पण करणे. पंधरा माणसांपुढे आपण काय वाचलं ते त्यांना आत्ता कळत होतं. थोडा वेळ त्यांनी डोकं हातांत धरलं. मग म्हणाले, पुस्तकात पुढे लिहिलं आहे की ती चाल बंद झाली. मोठं झाल्यावर ज्याचं त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं, असा नियम आला. ते उद्या वाचायचं होतं.

"बाई, तुम्ही मुलीला विचारलं होतं का?"

"तवा ती पोटात बी नव्हती."

"मग तिच्यासाठी तुम्हाला वचन देता येत नाही. ते धरलंच जात नाही. तिला बोर्डिंगात घालायची असली तर शाळेसाठी घाला, आणि सुटीत घरी न्या."

मला हायसं वाटायला हवं होतं. उलट पायाखालचं काही काढून घेतल्यासारखं झालं. सहा वर्षं मी तिला कडेवर घेतलं ते दुसऱ्याची वस्तू सांभाळावी तसं. आणि देवानं ते बोलणं धरलंच नव्हतं?

मी विचारलं, "मग ती झाली कशी?"

"तशीच दिली देवानं."

"काय न घेता?"

"काही न घेता."

या उत्तराचं काय करायचं ते मला कळेना. दुसऱ्या दिवशी पंगतीत फादरांनी सगळ्यांपुढे हात जोडले, शब्द चुकला म्हणाले, आणि चाल बंद झाल्याचं वाचलं. आत्याबाई ऐकायला दाराशी आली नाही.

त्याच संध्याकाळी मी मालकांना सगळं सांगितलं. ते दगडाच्या धुळीनं भरलेले पाय धूत होते. तांब्या तसाच हातात राहिला. "सा वर्सं," एवढंच म्हणाले. आणि जरा वेळानं, "मला इचारायचं तरी." ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते, तेव्हाही ओरडले नाहीत. पण चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पोरीला मात्र घटकाभरही खाली ठेवत नव्हते.

जूनमध्ये आम्ही दोघं तिला घेऊन एसटीनं नगरला गेलो. बोर्डिंगाच्या दारात सिस्टर काही विचारायच्या आधीच मी म्हणाले, "दिवाळीला न्यायला येनार हाय मी." आवाज इतका मोठा निघाला की मालकांनी वळून पाहिलं.

दिवाळीत तिला आणलं आणि तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. अंग भाजत होतं. मालक डॉक्टरला आणायला सायकलवर गेले होते. मी तिच्या उशाशी बसले आणि फादरांचं बोलणं कुठल्या कुठे गेलं. धरलं होतं, देवानं धरलंच होतं, आणि आता तो न्यायला आला आहे, एवढंच डोक्यात होतं. ओठ आपोआप हलायला लागले. हिला वाचव, मी हिला... इथवर शब्द आले होते. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि डॉक्टर येईपर्यंत तशीच बसून राहिले.